तिसरा कप

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांना मी अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर संहिता घेऊन बसायचं. सगळ्यांचे संवाद मला पाठ, आणि माझा स्वतःचा एकही नाही. त्या वर्षी एक जुनी गाजलेली शोकांतिका बसवायची ठरली. मित्राच्या कुजबुजीवर विश्वास ठेवून एक सरदार आपल्या निरपराध बायकोचा जीव घेतो, अशी गोष्ट. बायकोची भूमिका आता तरी मलाच, असं मी धरून चालले होते.

अण्णा आमचे दिग्दर्शक, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी ती भूमिका नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलीला दिली. "तुझ्या बोलण्यात कानडी हेल येतो गं, स्वल्प," असं मला म्हणाले, आणि तेही 'थोडासा'ला कानडी 'स्वल्प' म्हणत, त्याच हेलात. राजाजीनगरात आमची तिसरी पिढी. हेल येणार नाही तर काय येणार? पण लागलं ते लागलंच.

मुलगी महादेवपुऱ्यातल्या ऑफिसातून तालमीला यायची, येण्याजाण्यात जीव अर्धा करून. काम सुरेख करायची. हे आज कबूल करते. तेव्हा माझ्या नुसतं पोटात दुखायचं.

एका रविवारी मल्लेश्वरमच्या हॉटेलात ती, सरदाराचं काम करणारा आमचा नट आणि मी, अशी तिघं कॉफी पीत संवाद घोकत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, कोथिंबीर निवडत होत्या.

"पोरगी लांबून येते बिचारी," मी म्हटलं. "पण तो आहे म्हणून बरं. काल हॉटेलात कॉफी पीत बसले होते. चांगले तासभर."

"दोघंच? त्याला बायको आहे गं."

मी समोरच्या जुडीतल्या काड्या निवडायला लागले. खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते, फक्त तिसरा कप सांगायचा राहू दिला.

आमच्या मंडळात कुणी कुणाला तोंडावर काही विचारत नाही. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. एकाने जरी तिला किंवा त्याला विचारलं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. आठवड्याभरात अण्णा तिला म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच सांगतो, या वर्षी स्टेजवर नको. प्रॉम्प्टिंग कर." भूमिका मला मिळाली. माझा हेल कुणाला आठवला नाही.

मला वाटलं, ती रागावून निघून जाईल. ती आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"कशाला त्रास करून घेतेस?" मी निर्लज्जासारखं विचारलं.

"सोडून गेले तर खरंच होतं म्हणतील ना, ताई. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे माझा, मुलाकडचे नातेवाईक याच मंडळात आहेत." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आम्हाला कुणीतरी हॉटेलात बघितलं म्हणे. तुम्ही पण होतात ना तेव्हा. अण्णांना सांगाल एवढं?"

"सांगते," मी म्हटलं. सांगितलं नाही. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मला ताई म्हणणंही सोडलं.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात सरदार माझ्यासमोर उभा राहिला आणि मी कोरी पडले. झोपेतही आलं असतं असं वाक्य, पण ओठांवर येईना. विंगेतून तिचा आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत.

"मी काहीही केलेलं नाही."

पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कांपर्यंत तो गेला. प्रॉम्प्टरने इतकं मोठ्याने बोलायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिच्या मांडीवरची संहिता मिटलेली होती आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मी तेच वाक्य तिच्यामागून म्हटलं. टाळ्या मला पडल्या.