सेलारमधली शंभर मीटरची फेरी

महिन्याचा दुसरा गुरुवार, दुपारचे चार, हॉस्पिटलची खोली. हजर आम्ही दोघेच, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. नर्स एकदा सलाइन बदलून गेली. आकडा : शहाण्णव मीटर शहाऐंशी सेंटीमीटर. ही आमची शेवटची भेट. दीड महिना झाला. त्या आकड्याचा हिशेब आधी सांगतो, मग भेटीकडे येतो.

वीस-एक वर्षांपूर्वी सुमीची भारतीय संघात निवड झाली, आशिया खंडाच्या इनडोअर स्पर्धेसाठी, बायकांची तीन हजार मीटर. छताखालचा ट्रॅक दोनशे मीटरचा असतो, म्हणजे पंधरा फेऱ्या, आणि वळणे फार आखूड. तसा ट्रॅक हैदराबादेत नव्हता. मैदानावर ती पाच हजार धावायची, तीन हजार क्वचितच. तेव्हा तिने सरावाला चिक्कडपल्लीतल्या आमच्या अपार्टमेंटचे सेलार निवडले. इमारतीखालच्या पार्किंगला इथे सगळे सेलारच म्हणतात. "वळणांची सवय होईल दादा, आणि कोंदट हवेचीही," म्हणाली. खांबांभोवतीची फेरी मी मोजली. बरोबर शंभर मीटर भरेल अशी आखली आणि चौदा नंबरच्या खांबावर पांढरी रेघ ओढली. मी सरकारी खात्यात कंत्राटदारांच्या मोजण्या तपासतो. तेच माझे पोटापाण्याचे काम. तिच्या प्रशिक्षक सरांनी विचारले होते, "वेळा चांगल्या आहेत, पण मोजणी कुणाची?" सुमी ताठ मानेने म्हणाली, "माझ्या दादाची, सर."

दर रविवारी सकाळी तीस फेऱ्या. मी घड्याळ आणि वही घेऊन रेघेपाशी. आमचा वॉचमन यादगिरी बादली घेऊन ताटकळायचा. "कारां धोनेका टैम होगया अम्मा, होर कित्ते चक्करां?" "बस दो होर, यादगिरी!" असे ती धावता धावताच ओरडायची. मी ऑफिसच्या शिस्तीने वेळ लिहायचो आणि खाली तिची सही घ्यायचो. ज्याचे काम, त्याने 'मोजणी मान्य' लिहून सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. "कंत्राटदार केलंस की रे मला!" म्हणत ती घामेजल्या हाताने सही करायची, कागद ओला होऊन फुगायचा. शेवटच्या रविवारची नोंद : नऊ मिनिटे चाळीस सेकंद.

त्या आकड्यावर तिने शर्यत बेतली. दोनशेची प्रत्येक फेरी एकोणचाळीस सेकंदांच्या आत. बंदूक उडाल्यावर ती पुढच्या चौघींत होती आणि आठ फेऱ्या तिथेच राहिली. नवव्या फेरीला पाय जड झाले. सर्वांत पुढच्या मुलीसाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती मुलगी सुमीच्या पाठीला लागली होती, आणि सुमीच्या दोन फेऱ्या बाकी होत्या. अकरा जणींत अकरावी. परत आल्यावर नामपल्ली स्टेशनवर मला म्हणाली, "हावरटपणा केला रे दादा. लायकी नसताना पुढे पळाले." तिला पुन्हा कुणी बोलावले नाही.

दुसऱ्या महिन्यात मी एका पुस्तिकेत नियम वाचला : ट्रॅकची लांबी आतल्या कडेपासून तीस सेंटीमीटरवर मोजतात. मी मोजताना टेप खांबांच्या कोपऱ्यांना घासून अडकत होती, म्हणून ती बाहेर घेतली होती, खांबांपासून ऐंशी सेंटीमीटरवर. सुमी मात्र खांबांना जवळजवळ खांदा लावून धावायची. सेलारमध्ये जाऊन पुन्हा मोजले. फेरीला तीन मीटर चौदा सेंटीमीटर कमी. तीस फेऱ्यांत चौऱ्याण्णव मीटर. तिच्या वेगाने एकोणीस सेकंद. ती नऊ चाळीसची नव्हतीच, नऊ एकोणसाठची होती, आणि तशी धावली असती तर बहुधा मधल्या कुठल्यातरी जागी, मान वर ठेवून, आली असती.

मी गप्प बसलो. कारण साधे आहे. दोष तिने आधीच स्वतःवर घेतला होता, आणि माझ्या मोजणीला घरात-ऑफिसात मान होता.

पुढे ती नारायणगुड्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मुलींना तिचा एकच नियम : पुढे जायचे नाही, कुणाच्या तरी पाठीला चिकटून राहायचे. लता नावाची एक मुलगी होती, पायात खरोखर वारा. एका शर्यतीआधी तिने माझ्यादेखत विचारले, "टीचर, आज पुढे जाऊ? दम आहे माझ्यात." सुमी म्हणाली, "नक्को. मी गेले होते पुढे." लता तिसरी आली. नेहमीच तिसरी यायची… मग तिने खेळ सोडला. मी कठड्यावर बसून ते पाहिले आणि घरी येऊन जेवलो.

त्या गुरुवारी मी सांगितले. तिच्या पोटातला कॅन्सर तोवर यकृतापर्यंत पोचला होता, पण डोके लख्ख होते. "सुमे, सेलारची फेरी शंभर नव्हती."

"मग किती?"

मी आकडा सांगितला. सलाइन लावलेल्या हाताच्या बोटांवर ती मोजत राहिली.

"कधी कळलं तुला?"

"तू परत आल्यावर. दुसऱ्या महिन्यात."

बोटे मिटत ती म्हणाली, "एकोणीस सेकंद. म्हणजे मी हावरट नव्हते." मला वाटले, सुटलो. तिने मान भिंतीकडे वळवली. "आणि त्या पोरी, दादा? त्यांना मी काय शिकवलं?" मी निघालो तेव्हा तशीच, न वळता म्हणाली, "वही आण."

शनिवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा वही पिशवीत घातलेली होती.

आमच्या खात्यात चुकलेला आकडा पुसायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा आणि सही. तेराव्यानंतर मी वही काढली. एक्केचाळीस रविवार होते. एक्केचाळीस आकड्यांवर लाल रेघ मारली, शेजारी खऱ्या वेळा लिहिल्या, प्रत्येकीखाली माझी सही केली. घामाने फुगलेली ती पाने अजून सपाट होत नाहीत. प्रत्येक दुरुस्तीपुढे 'मोजणी मान्य' एवढे लिहून ठेवले आहे. त्याखालच्या तिच्या सहीच्या एक्केचाळीस जागा कोऱ्या आहेत.