बयाबाईने उचललेला भंडारा

हुपरीच्या चांदीच्या पेठेमागील गल्लीत बयाबाई पैंजणांना घुंगरू जोडण्याचे काम करीत असे. ऐन तिशीत वैधव्य आले, तरी तिने कोणापुढे हात पसरला नाही आणि दिलेला शब्द कधी मोडला नाही. गल्लीत दोघींची जुंपली की तिसरी म्हणे, "बयाबाईला इचारा." तो मान हीच तिची सारी पुंजी होती.

१९९६ साली कोल्हापूरहून शिवानी नावाची मुलगी तिच्याकडे आली. मानसशास्त्रात एम. ए. झालेली, बोलण्यात लाघवी. विकसनशील देशांतील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी मिळणारी एक शिष्यवृत्ती तिला हवी होती. शुल्क, प्रवास, राहणे, सारे त्यात येई. अटी मात्र दोन होत्या. आपल्या भागातील लोकांच्या मनोव्यथांचा अभ्यास आधी करून दाखवायचा आणि शिक्षण संपताच परत येऊन त्याच लोकांत काम करायचे. शिवानीने हुपरीच्या कारागीर बायका निवडल्या होत्या.

बायका बोलेनात.

"पेपरात छापशील," शेजारची धोंडुबाई म्हणाली, "आन् आमची अब्रू एष्टीनं कोल्हापूरला जाईल."

"मी परत येणार आहे, मावशी. इथंच सल्ला केंद्र काढीन. तुमच्यासाठीच तर शिकायला जातेय."

बयाबाईने तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग देव्हाऱ्यातला बेल-भंडारा तळहातावर घेऊन ती साऱ्यांच्या देखत म्हणाली, "ही पोरगी माघारी येईल. न्हाय आली तर माझं तोंड बघू नगा."

बेल-भंडारा उचलून शपथ घेतल्यावर शंकेला जागा उरत नाही. बायका बोलू लागल्या. शिवानीचे पुस्तकी प्रश्न ऐकून त्या पदराआड हसत, तेव्हा बयाबाईच ते सोपे करून विचारी. 'आपणांस निराश वाटते का?' याचे तिने केले, "काळजावर दगड ठेवल्यावानी वाटतंय का?" शिवानीने ते तसेच टिपून घेतले. हा प्रश्न ऐकून धोंडुबाईच्या डोळ्यांना धार लागली. विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आपण माघारी आलो होतो, हे नवऱ्यालाही न सांगितलेले तिने त्या दिवशी सांगून टाकले.

शिष्यवृत्ती मिळाली. निघताना शिवानी पाया पडली. बयाबाईने तिच्या हातावर दही ठेवले.

प्रारंभी पत्रे येत. पुढे ती विरळ झाली आणि धोंडुबाईचे टोमणे वाढले.

"आली का गं तुझी डाक्टरीण?"

"येईल की. शिकायला येळ लागतोय."

२००० साली एके दुपारी तिला काम देणाऱ्या कारखानदाराच्या घरी बयाबाईसाठी फोन आला.

"मावशी, मला इथंच नोकरी लागली."

"आन् माघारी यायची अट?"

"ती सुटली. अर्ज केला होता, मंजूर झाला."

"तुझी सुटली गं," बयाबाई म्हणाली. "माझी कोण सोडवणार?"

 मग शिवानी म्हणाली, "मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नका." मन हाच जिचा अभ्यासविषय, तिने एवढेच सांगावे!

बयाबाईने त्याच दिवशी घरोघर जाऊन हे स्वतः सांगितले. कोणी तिला दूषण दिले नाही. धोंडुबाई तेवढी म्हणाली, "म्हंजे माझी इहिरीची गोष्ट परदेशाला गेली म्हणायची." त्यानंतर मात्र भांडण मिटवायला बयाबाईला कोणी बोलावले नाही.

२००४ साली आदर्श नावाचा विद्यार्थी गल्लीत आला. त्यालाही तीच शिष्यवृत्ती हवी होती.

"शिवानी मॅडमनी तुमचं नाव सांगितलं, मावशी. मी शिकून इथंच परत येणार आहे."

मुलगा सरळ दिसत होता. कदाचित खरेही बोलत असेल. जमलेल्या बायकांतून धोंडुबाईने विचारले, "बयाबाई, उचलतीस का भंडारा?"

बयाबाईचे हात मांडीवरच्या पैंजणावरून हलले नाहीत.

"मग लिवा, पावणं," धोंडुबाई म्हणाली. "झोप लागती, भूक लागती. आमचं समदं झ्याक हाय."

एकामागून एक साऱ्याजणी तेच सांगत गेल्या. आदर्श समाधानाने कागदावर खुणा करीत होता. अखेरीस तो बयाबाईसमोर बसला आणि छापील कागदावरून वाचू लागला, "काळजावर दगड ठेवल्यावानी वाटतंय का?"

तिने एकदा त्या कागदाकडे पाहिले.

"न्हाय," बयाबाई म्हणाली आणि तिने पुढचे घुंगरू हाती घेतले.