आईच्या घटस्फोटाची नक्कल

माझ्या आईने चाळीस वर्षं कम्युनियन घेतलं नाही. आमच्या वसईजवळच्या गिरीज गावच्या चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. रविवारच्या मिस्सेला ती न चुकता यायची, मागच्या एका बाकाच्या कडेला बसायची. फादर वेदीसमोर ओस्तीचं भांडं घेऊन उभे राहिले, लोक ती प्रसादाची चकती, म्हणजे कम्युनियन, घ्यायला उठून रांगेत लागले, की ती गुडघे एका बाजूला वळवायची. आम्ही सगळे तिच्यापुढून निघून जायचो. परत आलो की ती पुन्हा गुडघे वळवून आम्हाला आत घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, आया रांगेत जात नसतात. मग एके दिवशी लक्षात आलं की बाकी सगळ्यांच्या आया जातात.

कारण घटस्फोट. माझे वडील नोकरीसाठी आखातात गेले आणि तिकडेच त्यांनी दुसरा संसार थाटला. मी दुसरीत असताना आईने कोर्टातून घटस्फोट घेतला. घेतला म्हणजे माझ्या मामाने मिळवून दिला. वकील मामाचा, धावपळ मामाची, आईच्या फक्त सह्या. मामा चर्चच्या कमिटीत होता, गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. निकाल लागला त्या आठवड्यात त्याने बहिणीला सांगितलं, "आता तू रांगेत यायचं नाय." ती बसली, ती बसूनच राहिली.

मी शिकले, शिक्षिका झाले, माणिकपूरला राहायला आले. आई गिरीजलाच केळी आणि भाजीचा तुकडा सांभाळत राहिली. मागच्या वर्षी तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि या वयात जोखीम आहे हेही सांगितलं. आई रडली नाही, घाबरली नाही. संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणाली, "बाय, टेबलावर जायच्या आधी एकदा कम्युनियन मिळेल काय, बघशील?"

उभ्या जन्मात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी बघणार होते. त्यासाठी आकाशपाताळ एक करणार होते.

चर्च घटस्फोट मानत नाही; लग्नच रद्द ठरलं की आईला कम्युनियन मिळेल, असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच दिवशी मी चर्चच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, "आईचं लग्न चर्चकडून रद्द ठरवून घ्यायचंय. काय काय लागेल?" त्या म्हणाल्या, "आधी कोर्टाच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल आणा. मग पुढचे अर्ज. वेळ लागतो पण, टीचर." मी मान डोलावली. मी जे विचारलं त्याचं त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं.

निकालाचा कागद मामाकडे असायचा. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी म्हणाली, "ते कागद त्यांनीच जाळले. असलं घरात ठेवायचं नाय म्हणायचे." मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले.

मग वसईचं कोर्ट. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "केस नंबर?"

"नाही."

"वर्ष?"

"मी दुसरीत होते तेव्हा."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी पोरांकडे बघते तसंच. पण माणूस भला निघाला. म्हणाला, "मॅडम, ख्रिश्चनांच्या घटस्फोटाच्या केसेस तेव्हा इथे नाही चालायच्या. जिल्हा न्यायालयात चालायच्या. आणि वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात. रेकॉर्ड ठाण्याला असणार. आणि अर्ज पक्षकाराच्या सहीचा लागेल. तुम्ही कोण?"

"मुलगी."

"म्हणजे पक्षकार नाही."

ज्या भांडणात माझं अख्खं बालपण गेलं, त्यात मी कुणीच नव्हते! पण कायदा त्याच्या बाजूने होता. मी आईची सही आणली. ती पेन घट्ट धरून, अक्षर न् अक्षर लावून सही करते. सही झाल्यावर म्हणाली, "तेव्हा पण अशाच केल्या, कशावर ते नाय वाचलं."

ठाण्याला मी शाळेच्या रजा टाकून हेलपाटे घातले. रेकॉर्ड रूममध्ये जाड रजिस्टरं, कडा झिजलेली. तिथल्या बाईंनी मी सांगितलेल्या आडनावाने तीन वर्षांची रजिस्टरं चाळली. काही नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा चाळली. काही नाही. ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. तिसऱ्या खेपेला त्यांनीच विचारलं, "हे आडनाव माहेरचं का सासरचं?"

मी कपाळावर हात मारला. आई माहेरी परतली त्या दिवसापासून माहेरचंच आडनाव लावते. रेशनकार्ड, मतदार यादी, दवाखाना, सगळीकडे तेच. पण केस चालली तेव्हा ती कुणाची तरी बायको होती. माझ्या वडिलांचं आडनाव सांगताना मला प्रयत्न करावा लागला. मी ते माझ्या नावापुढून केव्हाच काढून टाकलं होतं. बाईंनी पान उलटलं आणि दहा मिनिटांत ओळ सापडली.

दोन्ही नावांची बाई एकच, असं आईचं प्रतिज्ञापत्र जोडलं, नकलेचा अर्ज केला, आणि आठवड्याने नक्कल हातात पडली. जुन्या टंकलेखनाची फोटोकॉपी, निळा शिक्का, मागे, तेव्हा अशा निकालाला लागायचा तो, हायकोर्टाने निकाल कायम केल्याचा आदेश. कोर्टाच्या आवारात बाकावर बसून मी वाचली. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की नवऱ्याने बायकोला सोडलं, दुसऱ्या बाईबरोबर घर केलं, आणि बायकोच्या वागण्यात कोणताही दोष दिसत नाही. कोणताही दोष दिसत नाही. मी ते तीनदा वाचलं. एवढं धडधडीत लिहिलेलं असताना आईने ते कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. मी तिथेच रडले.

ऑपरेशनला चार दिवस होते. आईला घेऊन मी फादरांकडे गेले. फादर नवीनच बदलून आलेले, माझ्यापेक्षा लहान. मी नक्कल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "फादर, लग्न रद्द व्हायला वेळ लागणार हे कळतं मला. पण तोवर काही करता येईल का? तिला ऑपरेशनच्या आधी कम्युनियन हवंय."

फादरांनी नक्कल हातात घेतली, पण उघडली नाही.

"आई, तुम्ही पुन्हा लग्न केलं?"

आईने मान हलवली. नाही.

"कुणाबरोबर राहिलात?"

"नाय, फादर."

"मग अडचण काय आहे?"

मी म्हटलं, "घटस्फोट झालाय ना."

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "नुसत्या घटस्फोटाने कम्युनियन बंद होत नाही, टीचर. दुसरं लग्न केलं तर प्रश्न येतो. यांना कधीच मनाई नव्हती. हा कागद लागतच नव्हता."

आईने हात जोडले होते ते तसेच राहिले. फादर उठले, तिला चर्चमध्ये घेऊन गेले. मी बाहेर थांबले. त्यांनी तिचं कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकलं आणि रिकाम्या चर्चमध्ये तिला एकटीला कम्युनियन दिलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते.

रिक्षात ती म्हणाली, "तुझ्या मामाला ठाऊक नसेल."

"नसेल."

"लोक काय म्हणतील याची भीती त्याला. तुला ठाऊक होतं?"

"नाही गं आई."

"कधी इचारलंस कुणाला?"

चाळीस वर्षांत किती फादर आले, किती गेले. मी त्यांच्याबरोबर शाळेच्या मिटिंगा केल्या, चहा प्याले, कुमसार केलं. त्यांच्यातल्या एकाने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"मी नाय इचारलं," आई म्हणाली. "मला लाज होती. तुला कसली लाज होती?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आई आता दर रविवारी रांगेत असते, माझ्या पुढे, काठी टेकत. तो प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. त्याचं उत्तर मला त्या दिवशी रिक्षातही माहीत होतं, आणि अजून मी ते तिला दिलेलं नाही. मला तिचीच लाज वाटायची.