बोंब पक्षाचा साकव

भाजे गावच्या कोंडाजीला गंभीर चेहरा करणं जमत नसे. त्यात त्याचा फारसा दोष नव्हता; त्याच्या भुवया जन्मापासूनच वर चढलेल्या होत्या. मयताला गेला तरी लोकांना वाटायचं, हा आता काहीतरी बोलणार. मग लोकांचा हिरमोड नको म्हणून तोही बिचारा बोलायचा.

मळवली स्टेशनावर त्याचा टांगा असे. लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांना तो गावापर्यंत आणायचा आणि वाटेत लेण्यांचा इतिहास सांगायचा. सकाळच्या पाहुण्यांना सांगितलेला इतिहास दुपारच्या पाहुण्यांना सांगायचा नाही, एवढा नियम मात्र त्यानं जन्मभर पाळला. ‘कोंडाजी म्हणाला’ एवढं सांगितलं की पुढचं वाक्य खोटं धरायचं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि याचं सगळ्यांत जास्त कौतुक खुद्द कोंडाजीलाच होतं.

अशा माणसानं १९३४ साली राजकीय पक्ष काढला.

झालं असं की चैत्रात लोकल बोर्डाची निवडणूक यायची होती. महिपती पाटील पुन्हा उभे होते. ते दर सभेत “मी तुमचा सेवक” म्हणायचे आणि सभा संपली की जोडे उचलायला माणूस शोधायचे. शिमगा आला तेव्हा कोंडाजीनं त्यांचंच सोंग घेतलं. उपरणं टाकलं, पोटावर उशी बांधली आणि होळीपुढं भाषण ठोकलं. लोक हसून हसून लोळले. गेणू न्हावी आणि नथू हे त्याचे दोन दोस्त. त्यांनी तिथंच ‘अखिल मावळ बोंब पक्ष’ स्थापन झाल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष कोंडाजी. चिटणीस गेणू, कारण त्याला लिहिता येत नव्हतं आणि त्यामुळे लेखी पुरावा राहणार नव्हता. नथू रुसला म्हणून त्याला उपाध्यक्ष केलं. चौथा सभासद घेतला नाही. चार मराठे एका पक्षात आले की फूट ठरलेली, असं अध्यक्षांचं मत पडलं.

पक्षाची वचनं अशी होती. लोणावळ्याला बंगलेवाले हवा खायला येतात, ती हवा आपल्या डोंगरांची, सबब तिच्यावर जकात बसवू. मळवलीला न थांबणाऱ्या प्रत्येक मेलगाडीच्या नावानं बोंब मारू. बाकी निवडून आल्यास काहीही करणार नाही, मात्र ते वेळेवर करू.

होळीसाठी लाकडं घेऊन वरच्या ठाकरवाडीची माणसं दरवर्षी खाली येत. त्यात सावित्राबाई होती. गर्दीच्या कडेला उभ्या उभ्या तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “बाबा, तुजा पक्ष वड्यावर साकव बांधंल का?”

लोक पुन्हा हसले. हसायला नको होतं. वाडी आणि गाव यांच्यामधला ओढा पावसाळ्यात कुणाला जाऊ देत नसे. आदल्या श्रावणात सावित्राबाईची थोरली सून दोन दिवस अडली होती. गावची सुईण सरुबाई ओढ्याच्या अलीकडे भिजत उभी राहिली आणि पलीकडे सून गेली, लेकरूही गेलं. आता धाकटी भागूबाई गरोदर होती. तिचे दिवस पुन्हा श्रावणातच भरत होते.

हे कोंडाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हशा चढत्या पायरीवर होता आणि चढता हशा सोडवत नाही, हा त्याचा जुना रोग. त्यानं होळीची चिमूटभर राख उचलली, कपाळाला फासली आणि महिपती पाटलांच्या आवाजात म्हणाला, “आखाड लागायच्या आत साकव झालाच म्हणून समजा, बाई!”

आता आम्हा गावकऱ्यांत शिमग्याचं बोलणं होळीबरोबर जळतं. त्या पाच दिवसांत कुणी कुणाचा बाप काढला तरी रंगपंचमीनंतर विचारायचं नाही. पण वाडीची रीत निराळी. तिथं होळीची राख कपाळी लावून बोललेला शब्द म्हणजे शपथ. सावित्राबाई हसली नाही. तिनं पळसाच्या पानात थोडी राख बांधून घेतली आणि डोंगर चढून गेली.

निवडणूक झाली. पाटील आले. बोंब पक्षाला नऊ मतं पडली. त्यातली तीन पक्षाचीच होती. उरलेली सहा कुणाची, हे शोधण्यात कार्यकारिणीनं पंधरा दिवस घालवले आणि त्या सहाही जणांनी कानांवर हात ठेवले.

वैशाखात एका सकाळी कोंडाजी घोड्याला खरारा करत होता, तर सावित्राबाई अंगणात येऊन बसली.

“साकव कवा धरतूस?” तिनं विचारलं.

“मावशी, मी पडलो की गं.”

“पडलास? लागलं का कुटं?”

“निवडणुकीत पडलो. आता पाटलास्नी इचार.”

“पाटलानं राख लावली न्हवती. तू लावलीस.”

“अगं, शिमग्याचं सोंग ते! आन तुमी मला मत तरी कुटं दिलं?”

“आमाला मत हाय कुटं?” सावित्राबाई म्हणाली. “वाडीत येकाला न्हाई. आमी राख धरून बसलोय. भागूला पाचवा सरून सावा लागलाय, कोंडाजी.”

कोंडाजीनं काहीतरी चटपटीत बोलायला तोंड उघडलं आणि हातातला खरारा खाली ठेवला. आत त्याची बायको बयाबाई भाकरी थापत होती. तिचा हातही थांबला होता. म्हातारी उठून गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, “बांदावरची जांभळ तोडा. सावलीला लय झाडं हायती.”

लाज वाटली कोंडाजीला. इतकी वाटली की त्यानं त्या दिवशीच्या पाहुण्यांना लेण्यांचा इतिहास खरा सांगितला, म्हणजे “मला ठावं न्हाई” असं सांगितलं.

बोंब पक्षाची त्यानंतरची कामगिरी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अध्यक्षांनी जांभळीवर पहिला घाव घातला तो कुऱ्हाडीचा दांडा मोडून. चिटणीसांना वस्तऱ्यापलीकडे पातं माहीत नव्हतं. उपाध्यक्ष दुसऱ्या दिवशी पाठ धरून घरी बसले. टांग्याच्या घोड्यानं लाकूड ओढायला साफ नकार दिला; सगळ्या पक्षात तत्त्वाचा तेवढा एकच निघाला. शेवटी सावित्राबाईचा मुलगा गोविंदा वाडीची पाच-सहा माणसं घेऊन खाली उतरला. त्यांनी जांभळ पाडून तिची दोन खोडं ओढ्यावर टाकली, त्यांवर आडवे मेसाचे बांबू बांधले, वर कारवीच्या काठ्या अंथरल्या आणि माती-दगड चोपले. कोंडाजी सांगेल ते उचलत राहिला. ज्येष्ठ सरता सरता साकव उभा राहिला.

आणि गावातल्या एकानंही त्यावर पाऊल टाकलं नाही.

“कोंडाजीनं बांधलाय,” लोक म्हणत आणि हसत. पाटील म्हणाले, “हा साकव वेळेवर पडेल.” कोंडाजी शपथा घ्यायचा, तर लोक अधिकच हसायचे. त्यालाही मग राहवायचं नाही. तोच म्हणायचा, “मजबूत हाय बरं का, निम्मा!” आणि हशा वसूल करून घरी यायचा. या जिभेपायी आपण काय करून ठेवतोय हे त्याला श्रावणात कळलं.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळीच गोविंदा धावत आला. भागूबाई पहाटेपासून अडली होती. कोंडाजी सरुबाईला घेऊन ओढ्यावर पोचला. मागोमाग अर्धा गाव आला. ओढा गढूळ होऊन उसळत होता आणि पाणी साकवाच्या खोडांना लागलं होतं. सरुबाई काठावर थांबली. ती साठीची, अंगानं जड.

“म्या न्हाई चढायची,” ती म्हणाली. “तुजं काम ना ह्ये?”

“पक्कं हाय, मावशी. आयेच्यान.”

“निम्मं पक्कं म्हनत व्हतास.”

कोंडाजी साकवावर धावत गेला, मधोमध उभा राहिला, उड्या मारून दाखवल्या. काठावर हशा पिकला. तो परत आला आणि त्यानं सरुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. “मावशी, थट्टा न्हाई गं. ह्या येळेला खरंच न्हाई. ती पोर मरंल.” त्याचा आवाज फाटला होता. गेणूनं मागून टाळी वाजवली. त्याला वाटलं, दोस्त रंगात आलाय. सरुबाईनं पाय मागं घेतले.

पलीकडून सावित्राबाई आली. डोक्यावर लाकडांची भली मोठी मोळी घेऊन ती साकवावरून सावकाश चालत आली, अलीकडे मोळी टाकली आणि सरुबाईचा हात धरला.

“ह्यो मानूस खोटा असंल, सरुबाय,” ती म्हणाली. “साकव खोटा न्हाई. आखाडभर म्या रोज वझं घिऊन चालून बगितलाय. चल.”

दोघी गेल्या. कोंडाजी अलीकडेच बसून राहिला. वाडीत जायचं त्याचं धाडस झालं नाही. लोक पण थांबले, कारण त्यांना घरी काम नव्हतं आणि कोंडाजी होता म्हणजे पुढं काही गंमत होणार होती. पाऊस येत-जात राहिला.

दुपार कलताना गोविंदा साकवाच्या पलीकडच्या टोकाला आला आणि पाण्याच्या आवाजावरून ओरडला, “पोरगी झाली! दोगी बी बऱ्या हायती!”

कोंडाजीनं तोंड उघडलं आणि तो रडायला लागला. चिखलात बसून, छाती हलवत, त्या वर चढलेल्या भुवयांनी तो हमसाहमशी रडला. काठावरचा सगळा गाव पोट धरून हसत सुटला. असं सोंग कोंडाजीनंही आजवर वठवलं नव्हतं, असं जो तो म्हणत होता.

त्यानं त्यांना हसू दिलं. भागूबाई जगली होती.