तिसरी घंटा झाल्यावर

लखनौमध्ये भुतांशी अदबीने वागणारा एकच मराठी माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या नणंदेचा नवरा आहे. अमीनाबादच्या मागच्या अंगाला एक जुनं नाट्यगृह आहे, त्याचे हे व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हणजे काय, तर नाटक सोडून बाकी सगळं! अग्निशमनवाल्यांचा दाखला आणायचा, जनरेटरवाल्या भैयाची दाढी कुरवाळायची, फुकट पास मागणाऱ्या साहेबांच्या मेहुण्यांना गोड बोलून कटवायचं, आणि पडदा अडकला की स्वतःच शिडीवर चढायचं. "बँकेतली नोकरी सोडून हे धरलं, तेव्हाच माझ्या कपाळी काय आहे ते कळलं," असं वन्सं अजूनही ऐकवतात.

भाऊजींचं खूळ असं, की रिकामं नाट्यगृह त्यांना रिकामं वाटतच नाही. भर दुपारी झाडलोट चालू असताना हे रंगमंचावर उभे राहून खुर्च्यांना सांगणार, "आज नाटक जरा लांबणार आहे, हाँ. सांभाळून घ्या." रांगेतून जाताना कुणाचे पाय तुडवले जाऊ नयेत अशा बेताने तिरके तिरके सरकणार, वर "एक्सक्यूज मी" म्हणणार. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या जानकीपुरमहून येता येता कंबरडं मोडलं होतं, म्हणून दिसेल त्या खुर्चीवर टेकले, तर हे केवढ्यांदा ओरडले, "वहिनी, तिथे नको! तिकडे बसलेत!" मी ताडकन उठले. खुर्च्या माणूस उठल्याबरोबर आपोआप वर मिटणाऱ्या, तशी माझी मिटली. आणि मग, आई गं, आत्ता सांगतानाही काटा येतोय, शेजारची, कुणी बसलेलं नसताना उघडी असलेली खुर्चीही धप्पकन मिटली. "स्प्रिंग जुनी झालीय," म्हणत भाऊजींनी शांतपणे डबा उघडला आणि भाजी कसली आहे ते बघितलं. त्यानंतर मी डबा दारातूनच द्यायला लागले.

दुसरं खूळ तिसऱ्या घंटेचं. आमच्या शहरात मुख्य पाहुणे येईपर्यंत नाटक सुरू होत नाही, आणि मुख्य पाहुणे कायम "बस, निकल चुके हैं" असतात. पण भाऊजी पडले मराठी नाटकांवर वाढलेले. ठरल्या वेळी तिसरी घंटा, की दार आतून बंद. मग बाहेर मंत्री असो नाहीतर सासरा. एकदा खुद्द वन्सं बाहेर राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्या घरात फक्त हिंदीत बोलत होत्या.

गेल्या हिवाळ्यात नाट्यगृहाच्या समितीने ठरवलं, लोक येत नाहीत तर इथे लग्नाचा हॉल करावा. भाऊजी पार खचले. हातापाया पडून त्यांनी एवढंच कबूल करून घेतलं, की अध्यक्षसाहेबांनी स्वतः एक प्रयोग बघायचा. गर्दी दिसली तर नाट्यगृह राहील, नाहीतर नाही. मग हा माणूस घरोघरी आमंत्रणं करत फिरला. आणि मेलं त्याच संध्याकाळी असं धुकं उतरलं, की चारबाग स्टेशनात गाड्या अडकल्या, रस्त्यावर रिक्षा दिसेना. आत आलो मी, वन्सं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी टाळकी. अध्यक्षांचा पत्ता नाही.

"भाऊजी, आज तरी थांबा," मी काकुळतीने म्हटलं. "त्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय ना?"

"लोक बसलेत, वहिनी," ते रिकाम्या रांगांकडे बघत म्हणाले. "त्यांना ताटकळत ठेवू?" आणि त्यांनी तिसरी घंटा दिली, दार लावून घेतलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! स्वतःच्या हाताने स्वतःचं नाट्यगृह बुडवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. नाटक रडकं, थंडी मरणाची. शेवटी टाळ्या वाजवायलाही आमचे हात शालीतून बाहेर निघाले नाहीत.

दार उघडलं तर पायरीवर मफलर गुंडाळलेले अध्यक्ष! भाऊजींच्या तोंडचं पाणीच पळालं. पण अध्यक्षच हात जोडून म्हणाले, "माफ़ कीजिए, कोहरे में देर हो गई. दरवाज़ा बहुत पीटा, पर अंदर इतना शोर था कि सुनता कौन! क्या पब्लिक है, भई! हँसते-हँसते लोटपोट, और तालियाँ तो रुकती ही न थीं. थिएटर यहीं रहेगा." मग ते आमच्या मागे डोकावले. "अच्छा, सब लोग निकले किधर से? कोई दूसरा गेट है क्या?"

वन्संनी माझा हात गच्च धरला. दुसरं गेट नाही.

"हँस रहे थे? इस नाटक में?" भाऊजी आधी दुखावल्यासारखे म्हणाले. मग ते हळूहळू पायरीवर खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी," ते माझ्याकडे वळून पुटपुटले, "मला कधीच काही ऐकू आलं नाही हो. रिकामं बघवायचं नाही, म्हणून आपला बोलत राहायचो. एवढंच."

मला भडभडून आलं. भाऊजींनी अध्यक्षांची बाही धरली.

"साहब, वो तालियाँ," ते म्हणाले, "कैसी थीं? ज़रा फिर से बताइए ना."

अध्यक्ष चकित होऊन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि भाऊजी डोळे मिटून ऐकत राहिले.