आमच्या घरातून बाहेर पडण्याचा खेळ

पहिल्यांदा सांगायचं तर त्या डब्याला वास येतो. डोळ्यांवर चढवायचा काळा डबा, माझा भाचा त्याला हेडसेट म्हणतो. त्याला कडेनं फोमची मऊ गादी असते आणि ती कपाळाला, गालांना, नाकाला घट्ट बसते. दिवसभरात किती माणसं ती आपल्या घामट तोंडावर दाबून धरतात. कुणाच्या केसांचं तेल, कुणाची क्रीम, कुणाचं काजळ, सगळं त्यात मुरतं. मग काउंटरवरची मुलगी ओल्या कागदी रुमालानं त्यावर हात फिरवल्यासारखं करते आणि पुढच्याच्या तोंडावर तोच डबा चढवते. पुढचा हसत हसत चढवून घेतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला उमासा आला, आणि मी तो लपवला नाही. हाच डबा माझ्या आईच्या तोंडावर चढवू द्यायचा की नाही, यावरून पुढं आमच्या घरात मोठं भांडण झालं.

पनवेलमध्ये जुन्या हायवेच्या कडेला एक इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि त्याच्या वर माझ्या भाच्यानं दोन मित्रांबरोबर काढलेला हा उद्योग. बघायला गेलं तर काही नाही. रिकामी खोली, जमिनीवर काळी रबरी चटई. माणसं डबे चढवतात आणि त्यांना एक बंद घर दिसायला लागतं. त्या घरात कोडी दडवलेली असतात. एक सुटलं की कप्पा उघडतो, कप्प्यात चिठ्ठी, चिठ्ठीत आकडा, आकड्यानं पेटी उघडते, असं करत दाराची किल्ली मिळवायची आणि वेळ संपायच्या आत बाहेर पडायचं. खेळणाऱ्याला हे सगळं खरं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं भर दुपारी आंधळी कोशिंबीर खेळताना दिसतात.

मी शिवणाचे क्लास घेते. भाच्याला खोलीचे दोन भाग करायला जाड पडदे हवे होते, माप घेऊन तिथंच शिवून दे म्हणाला, म्हणून मी मशीन घेऊन काही दुपारी तिथं बसले. टाके घालता घालता माणसं बघायची, दुसरं काय करणार. घरी पाण्याचा ग्लास न उचलणारे पुरुष इथं हवेतल्या उतरंडीतलं एकेक मडकं उतरवून त्याच्या बुडाखाली बघत होते. एक धिप्पाड साहेब खारघरच्या कुठल्याशा ऑफिसातली टोळी घेऊन आला होता. जिन्यात आपल्या हाताखालच्यांकडं ढुंकून बघत नव्हता, आणि आत गेल्यावर गुडघ्यांवर रांगत, सगळ्यांत धाकट्या मुलीला विचारत होता, "तुला काय वाटतं, लाल आधी की निळा?" पँट मागून उसवलेली, त्याचंही भान नाही. मला हसू यायच्या आधी किळस आली.

"यात लोकांना एवढं काय मिळतं रे?" मी भाच्याला विचारलं.

"आत्या, इथं कुठलीच वस्तू उगाच ठेवलेली नसते," तो म्हणाला. "हाताला लागेल ते कशाला तरी उपयोगी पडतंच. आणि अडलं तर हिंट मागायची, आम्ही देतो. बाहेर कोण देतं हिंट?"

त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. रोडपालीचं एक जोडपं आलं होतं, येताना एकमेकांशी शब्द नाही, दोघांची तोंडं दोन दिशांना. आत ती आकडे वाचून दाखवत होती, तो चाक फिरवत होता. फोन बाहेरच्या टोपलीत पडलेले, त्यामुळं बोलण्यावाचून इलाज नव्हता. जाताना दोघं हसत गेली. दुसरा एक घाम पुसत मला आपणहून सांगायला लागला, "मावशी, ऑफिसात वर्षभर राबतो, पण आपल्यानं काय उघडलं ते कधी कळत नाही. इथं कुलूप उघडलं की खट् वाजतं बघा." त्या खट् आवाजासाठी ही माणसं दुसऱ्याच्या घामात तोंड घालत होती. एखाद्यानं आपल्यासाठी सगळं आधीच लावून ठेवलंय, आपण सुटावं अशी त्याची इच्छा आहे, एवढंच माणसाला पुरतं. हे कळलं तरी माझ्या जिभेवरची कडू चव काही गेली नाही.

शेवटच्या पडद्याची दुमड घालत होते. खेळणाऱ्यांना जे दिसतं तेच बाहेरच्या स्क्रीनवर दिसत असतं, पण इतके दिवस तिकडं माझी पाठ असायची. मी सहज मान वळवली आणि स्क्रीनवर आमची पडवी दिसली.

आमचं गाव आता नाही. विमानतळाच्या जागेत गेलं. आम्हाला उलव्याच्या बाजूला प्लॉट मिळाला, भावानं त्यावर मजले चढवले, खाली गाळे काढले. तक्रार करावी असं काही नाही, असं तो म्हणतो. जिथं आमची चूल होती तिथं आता धावपट्टी आहे की गाड्या लावायची जागा, ते आमच्यातल्या कुणालाच नक्की सांगता येत नाही. घर पाडायच्या आधी भाचा फोन घेऊन कोपरा न् कोपरा टिपत फिरत होता. तेव्हा मला वाटलं होतं, पोराला माया आहे.

स्क्रीनवर सगळं होतं. खांबाला लागलेली कोयत्याची खाच होती, कौलांमधून जमिनीवर पडणारा उन्हाचा कवडसा होता. आणि चुलीमागच्या भिंतीवर रक्ताचे पंजे. भाताच्या कणगीत हाडं. माझ्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोमागं आकड्यांचं कुलूप. चुलीपाशी केस मोकळे सोडून एक बाई पाठमोरी बसलेली. कुणी जवळ गेलं की ती गर्रकन मान फिरवायची आणि खेळणारे किंचाळून हसायचे. खेळाचं नाव शापित घर. त्या घरातून निघताना आमच्यातल्या एकाचाही पाय निघत नव्हता, आणि इथं ही माणसं त्यातून आधी कोण सुटतो याची शर्यत लावत होती.

"लाज वाटते का?" मी सगळ्यांसमोर भाच्याला विचारलं. "आजोबाच्या फोटोमागं कुलूप लावलंस?"

"आत्या, साधं घर बघायला कोण येणार? भूत असलं की येतात," तो हळू आवाजात म्हणाला. "घर तर टिकलं ना?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. कात्री, टेप, मशीन सगळं गोळा केलं आणि निघाले.

रात्री जेवताना भावाला सांगत होते, आवाज चढला होता. आई पलीकडच्या खोलीत होती. ऐंशीच्या घरातली, भिंत धरून चालणारी. ती दारात येऊन उभी राहिली.

"आपला घर हाय? पोराच्या मशिनीन?"

"खोटं आहे गं, चित्र आहे नुसतं," मी म्हटलं.

"मना बगायचा हाय."

आता आईचं सांगायला हवं. घर सोडलं त्या दिवशी सामान टेंपोत चढल्यावर ती सगळ्यांत शेवटी निघाली. शेणानं सारवलेली जमीन झाडली, देवाच्या कोनाड्यात दिवा लावला आणि दार ओढून कुलूप लावलं. ज्या घरावर आता यंत्र फिरणार त्याला ही बाई कुलूप लावते म्हणून शेजारचे हसले. ती मात्र कडी दोनदा ओढून बघत होती. किल्ली तिनं कमरेला खोचली आणि तेव्हापासून ती तिथंच होती. आंघोळीपुरती काढायची. घर पाडताना सगळं गाव बघायला गेलं, ही गेली नाही. त्यानंतर त्या बाजूला तिनं पाऊल टाकलं नाही. तिच्या हिशेबानं घर कुलूपबंद होतं, आणि आम्ही कुणी तिचा तो हिशेब मोडायच्या फंदात पडलो नव्हतो.

म्हणून मी नको म्हणत होते. रक्त, हाडं, ती बाई, हे सगळं तिनं बघायचं? आणि तो घाणेरडा फोम तिच्या सुरकुतल्या तोंडावर? भाऊ म्हणाला, बघू दे, म्हातारीची शेवटची इच्छा समज. मी म्हटलं, शेवटची इच्छा अशी बरबटलेली असते का? दोन दिवस आम्ही बोललो नाही. आईनं वाद घातला नाही, फक्त जेवण कमी केलं. शेवटी भाचाच आला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आत्या, तिच्यापुरती भुतं काढतो. साधं घर ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, तिला दोन माणसांनी धरून जिने चढवले. मी खालच्या दवाखान्यातून स्पिरिट मागून आणलं होतं. गादी घासून घासून पुसली, वाळवली, पुन्हा पुसली. तरी नाकाशी धरल्यावर मला वास आलाच. मी डबा तिच्या डोळ्यांवर चढवला. खेळात हात हलवायला लागतात त्या दोन मुठी तिच्या दोन हातांत दिल्या, त्या पडू नयेत म्हणून मनगटांना दोऱ्या अडकवल्या.

स्क्रीनवर पडवी हलत होती, म्हणजे ती मान फिरवून बघत होती. मग चालायला लागली. भिंत धरून चालणारी आई त्या रिकाम्या खोलीत कशालाही न धरता चालली. मी दोन्ही हात पसरून तिच्या मागंमागं. तिनं कणगीवरून हात फिरवला, कोनाड्यापाशी थांबून हात जोडले. चुलीमागं एक पंजा काढायचा राहून गेला होता. भाच्यानं जीभ चावली.

"यो रंग कुनी लावला?" आई म्हणाली आणि पदर धरून हवेतच पुसायला लागली. "घर बंद असला तरी कोन कोन घुसतान."

भाच्याला हसू आलं, मलाही. माझा राग तेवढ्यापुरता उतरला. तिनं सगळं बघितलं, हात लावून लावून. शेवटी ती दारापाशी आली आणि तिथं कुलूप बघून एकदम तापली.

"कुलूप आतून? आतून कडी असते. कुलूप भायेरून लावतान. कोनचा शाना तू!"

"चुकलंच, आजी," भाचा म्हणाला. खेळात किल्ली तुळईवर ठेवली होती, ती मिळवायला आधी चार कोडी सोडवावी लागत. तो तिला हिंट द्यायला तोंड उघडत होता. पण आईनं उजव्या हातातली मूठ सोडून दिली, ती दोरीनं मनगटाला लोंबकळत राहिली. तिनं कमरेची किल्ली काढली, खरी, गंजलेली, आणि समोर हवेत नेमकी कुलपाच्या जागी धरून फिरवली.

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. खट् वाजलं.

दार उघडलं आणि पलीकडं काही नव्हतं. अंगण नाही, तुळस नाही, खाडीकडं जाणारी वाट नाही. नुसता काळोख, आणि त्यावर पांढरी अक्षरं, अभिनंदन, तुम्ही बाहेर पडलात. आईला वाचता येत नाही.

"अंगन कुठं हाय?" तिनं विचारलं.

"आजी, पुढचं बनवलंच नाही," भाचा म्हणाला. "दार उघडलं की खेळ संपतो."

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली, किल्ली तशीच पुढं धरलेली. तिथूनच म्हणाली, "म्हंजी खरंच नाय उरला." मग हात खाली आला. मी तिला धरून खुर्चीत बसवलं आणि डबा काढला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. पुन्हा कमरेला खोचली नाही.

काउंटरवरची मुलगी सवयीनं ओला रुमाल घेऊन आली. फोमची गादी चिंब झाली होती. तिनं डब्याला हात घातला तसा मी तो ओढून घेतला.

"मावशी, पुसून देते ना," ती म्हणाली.

"राहू दे."

मी तो तसाच ओला तोंडावर चढवला. गार लागला. थोड्या वेळानं पडवी दिसली, खांबाची खाच दिसली. दार पुन्हा बंद झालेलं होतं आणि कुलूप जागच्या जागी होतं.

"आत्या, वेळ सुरू झालाय," भाच्याचा आवाज आला. "हिंट देऊ?"

"नको," मी म्हटलं, आणि चुलीपाशी जाऊन बसले.