कौसाबाईंनी लपवलेली गोष्ट

अंबरनाथच्या बुवापाड्यात कौसाबाई सहा म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या. त्यांतल्या कुणालाच आधाराशिवाय उठता येत नव्हतं. पंचवीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलेली बाई. घरी बसवेना, म्हणून दोन खोल्यांत खाटा टाकल्या. खर्च एक ट्रस्ट उचलायचा, आणि ट्रस्टतर्फे श्रीपाद साहेब महिन्यातून एकदा पाहणीला यायचे. कारखान्यात अधिकारी राहिलेले, शिस्तीचे. आंघोळी, जेवणं, औषधं विचारत छापील फॉर्मवर खुणा करायचे.

"काही अडचण?"

"नाही साहेब. सगळं ठीक."

खरं तर मदतनीस नाथा काम सोडून गावी गेल्याला दोन महिने झाले होते. उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं कौसाबाई एकट्या करत होत्या. सांगायचं तर भीती वाटायची. आदल्या वर्षी जवळच्याच कॅम्प पाच या वस्तीतल्या अशाच एका केंद्रानं माणसं कमी पडतात असं कळवलं, तर ट्रस्टनं त्यांची मदतच थांबवली होती.

एका दुपारी त्या आतल्या खोलीत एका आजींची चादर बदलत होत्या. बाहेरून दिनानाथकाकांनी पाणी मागितलं. आयुष्यभर शिवणकाम केलेला, कुणाला त्रास न देणारा माणूस.

"आले हां काका, दोन मिनिटं."

काका थांबले नाहीत. स्वतःच उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. अकराव्या दिवशी गेले.

त्यांची मुलगी हिमानी बदलापूरहून आली. वडिलांच्या स्वेटरची घडी घालता घालता तिनं विचारलं, "बाबा पडले तेव्हा जवळ कोणीच नव्हतं?"

"मी होते. पण आत. एकटीच होते गं."

हिमानीनं स्वेटर पिशवीत ठेवला. पिशवी उचलून गेली.

श्रीपाद साहेब आले तेव्हा कौसाबाईंनी नाथाचंही सांगून टाकलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"कॅम्प पाचवाल्यांनी सांगितलं होतं ना, साहेब."

साहेबांनी हातातला फॉर्म खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या निर्णयावर माझीही सही होती."

पुढच्या बैठकीत ते ट्रस्टशी भांडले. कॅम्प पाचची मदत पुन्हा सुरू झाली, बुवापाड्यात शलाका नावाची मदतनीस आली. आता साहेब फॉर्म बॅगेतच ठेवतात, आधी चहा घेतात आणि या महिन्यात काय जमलं नाही ते विचारतात. कौसाबाई सांगतात. कधी कधी साहेबही ट्रस्टला काय जमणार नाही ते आधीच सांगून टाकतात.

पण दिनानाथकाकांचं जाणं कौसाबाईंना सोसवत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या बदलापूरला हिमानीच्या घरी गेल्या. तिनं दार उघडलं, पाणी दिलं. कौसाबाई हात जोडून रडल्या. हिमानीनं त्यांचे हात खाली घेतले, पण "असू द्या" काही तिच्या तोंडून निघालं नाही. काकांच्या फोटोसमोर दोघी बसून राहिल्या.